लेखकाच्या टेबलावरचा चष्मा

लेखकाच्या स्मारक-घराच्या बागेत उभ्या असलेल्या माळ्याला लेखकाचा पुतळा समजून हेडमास्तरांनी वाकून नमस्कार केला. माळी "असू दे, असू दे" म्हणाला, तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपल्या डोळ्यांवर चष्माच नाही.

"वर राहिला असेल," बायको म्हणाली. "हस्तलिखित वाचायला काढला होतात ना?"

जवळचं वाचताना चष्मा काढायची त्यांची जुनी खोड. प्रेक्षकांना अडवायला बांधलेल्या दोरीवरून वाकून वाचता वाचता तो त्यांनी लेखकाच्या टेबलावर ठेवला होता. आता पाचची शेवटची बस गाठायची होती, आणि चष्म्याशिवाय त्यांना बसची पाटीच काय, बसही दिसली नसती. धापा टाकत ते लेखकाच्या खोलीत पोचले, तर तिथला माहितगार नव्या मंडळींना सांगत होता, "याच चष्म्यातून त्यांनी जगाचं दुःख पाहिलं!" एका बाईंनी डोळे टिपले.

"अहो, तो माझा आहे!" म्हणत हेडमास्तरांनी दोरीपलीकडे हात घातला.

पहारेकऱ्यानं मनगट धरलं. "काका, वयाचा तरी विचार करा."

वरात चष्म्यासकट व्यवस्थापकांच्या खोलीत गेली. बायकोनं चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला निळा दोरा दाखवला. "हा मी गुंडाळलाय, परवाच!"

व्यवस्थापकांनी दार लावून घेतलं. "तुमचाच आहे हो. मूळचा कधीचा हरवलाय. पण नोंदवहीत 'चष्मा, एक' असं आहे आणि उद्या तपासणी. माझी नोकरी जाईल. तेवढा राहू द्या."

"आणि मी काय आंधळी कोशिंबीर खेळत घरी जाऊ?"

व्यवस्थापकांनी खण उघडला. प्रेक्षकांनी विसरलेले बारा-पंधरा चष्मे त्यात पडले होते. "यातला बसेल तो घ्या. फक्त लिहून द्या, की तुमचा चष्मा तुम्हाला मिळाला."

दोन चष्म्यांतून काहीच दिसेना. तिसरा लावला आणि हेडमास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. कॅलेंडरवरच्या तारखा दिसल्या, त्याखालचा छापखान्याचा पत्ता दिसला आणि शेजारच्या फोटोतले लेखकही लख्ख दिसले. फोटोतल्या चष्म्याची डावी दांडी तांब्याच्या तारेनं बांधलेली होती. हेडमास्तरांनी हळूच डाव्या कानाशी बोट नेलं. तार बोटाला टोचली.

बायकोनं फोटोकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "पावणेपाच झाले," ती म्हणाली.

पस्तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेल्या हेडमास्तरांनी कागद पुढे ओढला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'माझा चष्मा मला मिळाला. तक्रार नाही.'