तोंड उघडं ठेवून काढलेले फोटो

सिद्रामप्पांच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोसाठी गप्प बसायची सोय नव्हती. घरी कोणती बोली बोलता, ते आधी विचारायचे आणि त्याच बोलीत बोलायला लावायचे. परक्या भाषेत जबडा वाकडा येतो, हे त्यांचं शास्त्र.

भूकंपाला चार-पाच वर्षं झाली होती. लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि मी मुखेडहून बारावीला आले होते. अप्पांचं दुकान आमच्या खोलीच्या खालीच. देगलूरचा एक पोरगा त्यांच्यापुढे तेलुगूत आपल्या म्हशीचं कौतुक सांगायचा, नांदेडची मनजीत पंजाबीत भावाचा उद्धार करायची आणि अप्पा खूश होऊन बटण दाबायचे. मी ‘भाकर’ म्हणायला गेले ती नेमकी ‘भ’वर सापडले. गाल फुगलेले, डोळे बटबटीत.

असले फोटो पाहून कॉलेजनं आमचे परीक्षेचे सगळे फॉर्म परत केले. आम्ही तणतणत खाली उतरलो.

‘फॉर्म वापस आला तर येऊ द्या,’ अप्पा म्हणाले. ‘माणूस तर आला न्हवं फोटोत?’

मग सुतकी चेहऱ्यानं त्यांनी आमचे मिटल्या तोंडाचे फोटो काढून दिले.

अप्पांचे वडील लातूरजवळच्या मुरुडचे मराठी, आई बिदरकडची कानडी. आजोळी ते ‘मराठीवाला’, लातुरात ‘कानडी अप्पा’. भिंतीवर त्यांचे स्वतःचेच दोन फोटो होते, एक मराठी बोलताना, एक कानडी. यातला खरा कोण, असं गिऱ्हाइकाला विचारायचे. काहीही सांगा, उत्तर चूकच निघायचं.

एकदा माझी उदगीरची मैत्रीण शांता फोटोला बसली आणि कानडीत सुरू झाली. विहीर झाली, आत्या झाली, भावाचा पडलेला दात झाला. अप्पा कॅमेऱ्याला डोळा लावून उभे, बटण काही दाबेनात. ती थांबली तसे म्हणाले, ‘बोल की अजून.’

पुढं घरमालकिणीनं सांगितलं. अप्पांची आई औशाकडे बहिणीकडे मुक्कामाला गेली होती, ती भूकंपात तिथंच गेली. घरात बायको-पोरं सगळी मराठी. कानडी बोलायला कुणीच उरलं नव्हतं.

परीक्षा झाल्यावर गावी निघाले, तेव्हा शांताकडून एक वाक्य घोकून मी दुकानात गेले.

‘अप्पा, ऊटा आय्ता?’ जेवलात का?

अप्पांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

‘आय्तु, पोरी,’ म्हणाले. झालं जेवण.

जेवणाचा डबा टेबलावर तसाच बांधलेला होता.