तुळशीची तहान

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा सोडा, माझ्या सख्ख्या बायकोचा, जयंतीचाही विश्वास बसणार नाही! पण एडमंटनमध्ये, काचेच्या बंद घरात, भर पावसाळा आणणारा मी एकमेव मराठी माणूस आहे!

परवाच्या रविवारी मी ही घोषणा केली. निमित्त होतं सूनबाईंना, म्हणजे गौरांगीला, पीएचडी मिळाल्याचं. घरी आलेल्या शरदचंद्र आणि शीलावहिनींच्या पुढ्यात गरम साबुदाणा वडे होते, त्यामुळे श्रोते पळून जाण्याची भीती नव्हती.

"दोन वर्षांपूर्वी गौरांगी आम्हाला तिची लॅब दाखवायला घेऊन गेली. बाहेर मुसळधार! लॅब म्हणजे काचेत कोंडलेलं अख्खं जंगल. पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. ऊन मशीन ठरवणार, वारा मशीन ठरवणार. गौरांगीनं बजावलं, 'बाबा, या कोपऱ्यातली रोपं मी मुद्दाम तहानलेली ठेवलीत. पाणी मिळालं तर सगळा प्रयोग पुन्हा पहिल्यापासून. वर्ष जाईल माझं!' आणि ती फोन घ्यायला बाहेर गेली."

"आणि तुम्ही पाणी घातलंत," शरदचंद्र म्हणाले.

"अहो, पण कोपऱ्यात होतं कोण? तुळस! मान टाकलेली, पानं तळलेल्या पापडासारखी! आमच्या खिडकीतली तुळस दर विंटरला जाते, तर जयंती दोन दिवस धड जेवत नाही. इथे तर डोळ्यांदेखत चाललेली! माझ्या हातात पाण्याची बाटली. काय करणार?"

"हात जोडून मागे फिरायचं!" शीलावहिनी.

"हात जोडले, पण बाटली ओतून! झालं! मशीनला वाटलं, मान्सून आला! छतातून धबाधबा सरी! कुठल्याशा कुंडीत झोपलेले बेडूक उठले आणि कोरसमध्ये ओरडायला लागले! केळीनं तिथल्या तिथे घड टाकला! बाहेर पाऊस, आत त्याहून जास्त पाऊस. मी आपली छत्री उघडली!"

"काचघरात?"

"मग काय भिजू? तेवढ्यात गौरांगीचे प्रोफेसर धावत आले. सहा फुटी गोरा गडी, थेट माझ्या छत्रीत शिरला! म्हणतो, 'हू डिड धिस?' मी म्हटलं, 'सर, इट इज अवर कल्चर!' दारं काही उघडेनात, पाणी गुडघ्यापर्यंत! प्रोफेसर एका बादलीत बसले, मी बादली ढकलतोय..."

शरदचंद्रांना ठसका लागला. शीलावहिनींनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. जयंती मात्र हातातला वडा न खाता माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, रंगली!

"आणि तुळस?" शीलावहिनींनी डोळे पुसत विचारलं.

"तुळस? वहिनी, छताला टेकली! मंजिऱ्या लटकल्या झुंबरासारख्या! निघताना वाकून तिनं मला नमस्कार केला. खोटं नाही सांगत! तहानलेल्या तुळशीला पाणी पाजायचं पुण्य शेवटी माझ्याच हातून..."

"पुण्य? तुमच्या हातून?" जयंतीनं वडा ताटलीत आपटला. "गाडीत घोरत पडला होतात तुम्ही! 'पावसात कोण उतरतंय' म्हणालात! बाटली माझी, पाणी मी घातलं! शपथ घालून सांगितलं होतं तुम्हाला, ते काय असं स्वतःच्या नावावर खपवायला?"



स्वयंपाकघराच्या दारात गौरांगी चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"आई," ती म्हणाली, "छत गळतं म्हणून मी अख्ख्या डिपार्टमेंटशी भांडले... ते माझं वर्ष तुम्ही घालवलंत?"