दुसऱ्या मजल्यावरच्या पेन्सिली

धाकटीच्या हातातून पेन्सिलींचा डबा सुटला, झाकण उडालं आणि चोवीस पेन्सिली दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात चहूकडे घरंगळल्या. पाठोपाठ कागदांचा गठ्ठाही सटकला. "अगं बाई!" म्हणत ती खाली बसली आणि अगदी सावकाश एकेक पेन्सिल उचलू लागली. समोरून येणारा एक उंच मुलगा क्षणभर थबकला, मग कागदांना वळसा घालून निघून गेला. धाकटीने मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजले, पसारा गोळा केला आणि खांबाआड जाऊन वहीत लिहिलं : ‘पाडणी क्रमांक सदतीस. पुरुष, एकटा. मदत नाही.’ मग कपाळावरचा घाम पुसून ती अडतिसाव्या पाडणीच्या तयारीला लागली.

मानसशास्त्राच्या मॅडमकडे ती बिनपगारी संशोधन सहाय्यक होती. अनोळखी माणसाची वस्तू पडली तर कोण थांबतं, कोण नाही, यावर मॅडमचा अभ्यास चालला होता. एकूण शंभर पाडण्या व्हायच्या होत्या. काम नीट झालं तर छापील निबंधात धाकटीचं नाव येणार होतं, आणि पुढच्या प्रवेशासाठी मॅडमचं शिफारसपत्रही मिळणार होतं. अट एकच, कुणाला काही सांगायचं नाही.

"घरीसुद्धा नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. "एकाला कळलं की मजल्याला कळतं. मग सगळ्या नोंदी कचऱ्यात."

धाकटीने गुप्ततेच्या कागदावर सही केली होती. खरं सांगायचं तर नाव आणि शिफारसपत्र यापेक्षाही तिला त्या कामाचंच वेड लागलं होतं. हातात फाइल, तोंडात पेन, धावतपळत निघालेली बाई थांबते आणि तासभर कठड्याला टेकून उभा असलेला रिकामटेकडा माणूस जागचा हलत नाही. हे असं का? जेवताना, बसमध्ये, दात घासताना तिच्या डोक्यात तेच.

पण माणसांचा अभ्यास करायला निघालं की माणसंही आपल्याला बघत असतात, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. पहिल्यांदा लक्षात आलं ते मजला झाडणाऱ्या मावशींच्या. त्यांनी चार दिवस पेन्सिली उचलून दिल्या आणि पाचव्या दिवशी धाकटीचं मनगटच धरलं.

"पोरी, हाताला काय झालंय गं तुझ्या?"

"काही नाही मावशी, सटकतात जरा."

"रोज सटकतात? अन् तेही ह्याच फरशीवर?"

दुसऱ्या दिवशी मावशींनी डब्याला जाड रबर गुंडाळून दिलं. त्यानंतर डबा पडला तरी उघडेना. धाकटीने रबर काढलं, तर मावशींनी दोन लावली. मग ग्रंथपालांनी तिला चेनची पिशवी आणून दिली. पहारेकरी तर फाटकातच उभा राहू लागला. "द्या ताई इकडे, मी वर पोचवतो," म्हणून कागद, डबा, पिशवी सगळं काढून घ्यायचा आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. धाकटी रिकाम्या हाताने मागून चालत यायची. पाडायला हातात काही असेल तर ना!

मॅडमनी आठवड्याचा तक्ता पाहिला आणि भुवया उंचावल्या.

"एक्कावन्न ते साठ, दहाच्या दहा जणांनी मदत केली? अचानक सगळा मजला सद्गुणी कसा झाला?"

"तसं नाही मॅडम. त्यांना वाटतंय मी आजारी आहे."

"मग दिसू नकोस आजारी!" मॅडम म्हणाल्या आणि वर्गावर गेल्या.

आता आजारी न दिसता वस्तू पाडायच्या म्हणजे काय करायचं, याचा धाकटी विचार करत होती, तोवर बातमी तिच्या आधी घरी पोचली. कार्यालयातल्या कारकून बाई आईच्या ओळखीच्या. त्यांनी फोन करून हळहळत सांगितलं, "तुमच्या मुलीच्या हातात हल्ली काही टिकत नाही हो."

त्या संध्याकाळी धाकटी घरी आली, तर आई आणि बाबा दोघं तिच्याकडे टक लावून बसलेले. तिने चहाचा कप उचलला. चार डोळे कपाबरोबर वर गेले. तिने कप तोंडाला लावला, चार डोळे तोंडाशी थांबले. इतकं कुणी बघत असल्यावर कुणाचा हात स्थिर राहील? कप निसटला आणि फरशीवर त्याचे तुकडे झाले.

"बघितलंत?" आई बाबांना म्हणाली.

"बघितलं," बाबा हळूच म्हणाले, आणि तेव्हापासून धाकटीला पाणी अर्धाच पेला मिळू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगितलं, गुडघ्यावर हातोडीही मारून पाहिली. सगळं ठाकठीक.

"वस्तू घरी पडतात?"

"नाही. काल फक्त एक कप."

"मग कुठे पडतात?"

"विद्यापीठात."

"सगळीकडे?"

"नाही. दुसऱ्या मजल्यावर."

"कधी?"

"अकरा ते एक," धाकटी चाचरत म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती आणि खरं सांगायची परवानगी नव्हती. "मग तीन ते चार."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "रविवारी?"

"रविवारी सुट्टी असते."

डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि आईला समजावलं, "हाताचं दुखणं नाही हे. मनावर काहीतरी ताण आहे. तुम्ही असं करा, मानसशास्त्राच्या एखाद्या जाणकार व्यक्तीला दाखवा." मग चिठ्ठीवर त्यांनी नाव लिहून दिलं. ते मॅडमचंच होतं.

आईने ती चिठ्ठी लेकीला दाखवलीच नाही. उगाच पोर घाबरेल म्हणून धाकटी बाहेर पडल्यावर अर्ध्या तासाने ती एकटीच विद्यापीठात पोचली. जिने चढून दुसऱ्या मजल्यावर आली, मॅडमची खोली शोधू लागली, तर समोर व्हरांड्यात तिची लेक. धाकटीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, डब्याचं झाकण अंगठ्याने सैल केलं आणि एक माणूस जवळ येताच डबा छान सोडून दिला.

आईने ते पाहिलं. पोरगी मुद्दाम पाडतेय! पुढे धावत जावं, असं तिला वाटलं, पण पाय उचलेना. ती सूचनाफलकाच्या आड सरकली आणि पाहत राहिली. एक पाडणी झाली, दुसरी झाली. दुसरीनंतर आईची भीती ओसरली आणि भलतंच कुतूहल जागं झालं. पाचव्या पाडणीपर्यंत ती तिथून हलली नाही. मग तडक मॅडमच्या खोलीत शिरली.

थोड्या वेळाने शिपाई धाकटीला बोलावून घेऊन गेला. आत आई खुर्चीवर बसलेली पाहून धाकटी उंबऱ्यातच थांबली. आता शिफारसपत्र गेलं, निबंधातलं नाव गेलं आणि वर दोन्हीकडून बोलणी खायची.

"मी काही सांगितलं नाही, मॅडम!" ती दारातूनच म्हणाली.

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या आईने पाहिलं. सगळं आत्ताच समजावलं मी त्यांना."

आईने लेकीकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कप फुटला तो?"

"तो खरंच पडला, आई."

"हं." आई मॅडमकडे वळली. "बाई, राग मानू नका, पण तुम्ही चुकीचं मोजताय."

धाकटीने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"ही काय लिहिते, मदत केली, नाही तर नाही केली. पण आधी काय झालं ते कुठे लिहिते? मी वीस वर्षं कापडाच्या दुकानात काउंटरला उभी होते. गिऱ्हाईक घेणार की नाही, ते तोंडावर कळत नाही, पायावर कळतं. मघाशी तो चष्मेवाला आला ना, त्याचं एक पाऊल हिच्याकडे वळलं होतं. तेवढ्यात मागून दोघं येताना दिसले. याने पाऊल मागे घेतलं. येणारे उचलतील म्हणाला असेल मनात. येणाऱ्यांना वाटलं, हा पुढे आहे, हा उचलेल. तिघंही गेले आपापल्या वाटेने."

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला.

"आणि त्या लाल पर्सवालीने मदत केली ती हिच्यासाठी नाही केली," आई म्हणाली. "फलकामागे मी दिसले तिला. मग वाकली."

 मग मॅडमनी नवी कोरी वही काढली आणि आईपुढे सरकवली.

"उद्या तुम्हाला यायला जमेल?"

दुसरा मजला तर आता कामातून गेला होता. म्हणून अभ्यास समोरच्या इमारतीत, जिथे धाकटीला कुणी ओळखत नव्हतं, तिथे हलवला, आणि शंभर पाडण्या पहिल्यापासून सुरू झाल्या. धाकटी पाडायची. आई बाकावर विणकाम घेऊन बसायची आणि सुयांच्या आडून पावलं टिपायची. संध्याकाळी मॅडमच्या खोलीत त्या दोघींचं काय बोलणं चालायचं! "त्याचा खांदा बघितलात?" "नाही, पण टाच बघितली!" धाकटी कोपऱ्यात पेन्सिलींना टोक करत बसायची. आईला जे दिसतं ते आपल्याला तीन वर्षं शिकूनही का दिसत नाही, हे एक नवंच कोडं तिच्या डोक्यात शिरलं होतं.

"पगार वगैरे?" बाबांनी एकदा विचारून पाहिलं.

"असल्या कामात तसं विचारायचं नसतं," आई म्हणाली आणि वही चाळू लागली.

काम संपत आलं, त्या रविवारची गोष्ट. बाबा वर्तमानपत्र वाचत होते, धाकटी तक्ते भरत होती. एवढ्यात स्वयंपाकघरात धडाडधूम आवाज झाला. ताटल्याच ताटल्या कोसळल्या, एक घरंगळत दारापर्यंत आली आणि गोल गोल फिरून आडवी झाली.

धाकटीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी धाकटीकडे पाहिलं.

"प्रयोग असेल," बाबा पुटपुटले.

"असेलच," धाकटी म्हणाली.

"अरे, कोणी येतंय का?" आतून आईचा आवाज आला. "खरंच पडल्यात!"

"प्रयोगात असं म्हणतात का?" बाबांनी कुजबुजत विचारलं.

"आम्ही तर नाही म्हणत." धाकटीने तक्ते बाजूला सारले. "बाबा, लागलं असेल हो तिला!"

दोघं एकदमच उठले आणि दारात एकमेकांवर आदळत आत शिरले. आई ओट्यापाशी उभी होती. तिच्या पायाशी ताटल्यांचा खच पडला होता. तिला कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. धाकटी घाईघाईने खाली वाकली, एक ताटली उचलली, दुसरी उचलली, आणि तिचा हात थांबला. फरशीवरची प्रत्येक ताटली जुनी, चेपलेली होती. चांगल्या सगळ्या वर फळीवर, जागच्या जागी, एकीवर एक.

"एकोणीस सेकंद," आई घड्याळ बघत म्हणाली. "दारातून दिसलं मला, आधी यांचा पाय हलला. पण ते तुझ्यासाठी थांबले."