मुकादमाची चराई

बाबा जाऊन तीन आठवडे झाले आणि मुकादमानं अन्न सोडलं.

मुकादम म्हणजे घरातलं कासव. रोज सकाळी तो अंगणभर फिरायचा, प्रत्येक कोपऱ्यात थांबून मान लांब करायचा आणि काम मनासारखं झालं नसल्यासारखा पुढे जायचा, म्हणून बाबांनी त्याचं हे नाव ठेवलं होतं. त्याला हातानं भरवायचं नाही, हा बाबांचा नियम. “तोंड आहे, पाय आहेत, त्याचं तो बघेल.” उन्हाळ्यात मागच्या भिंतीच्या सावलीतलं तण, पावसाळ्यात नळापाशी माजलेलं, थंडीत उन्हाच्या पट्ट्यातलं. बाबा सकाळी त्याला उचलून त्या त्या ऋतूच्या कोपऱ्यात ठेवायचे आणि शेजारी स्टूल टाकून पेपर वाचत बसायचे. पेपर आणि तण साधारण एकाच वेळी संपायचं.

आता स्टूल होतं, मुकादम होता, तण नव्हतं. बाबा गेल्यावर माणसं भेटायला येणार म्हणून आईनं माळ्याला बोलावून अंगण साफ करून घेतलं होतं. त्यानंही दुःखाच्या घरचं काम म्हणून जीव ओतला. “ताई, औषधालासुद्धा काडी ठेवली नाही,” असं तो धाकट्या लेकीला अभिमानानं सांगून गेला. पाऊस संपला होता, जमिनीत ओल नव्हती, नवं काही उगवायचं चिन्ह नव्हतं.

धाकटी घरी बसून मुद्रितं तपासण्याचं काम करायची. कुठलीही अडचण आली की आधी पुस्तक आणायचं, हा तिचा स्वभाव. तिनं कासवांवरची तीन पुस्तकं आणली, समासात खुणा केल्या आणि काकडी, गाजर, कोबीची पानं असं ताट वाढलं. मुकादमानं ते पाहिलं आणि मान आत घेतली.

तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला.

“हट्ट सोड आता. सार्वजनिक बागेतल्या प्राणीघराशी बोललोय मी. ते न्यायला तयार आहेत.”

“बाबांचा मुकादम प्राणीघरात?”

“मग काय तुझ्याकडे? तुझ्या हातून मनीप्लँट मेलाय.”

“तो आजारी होता.”

“दुकानातून आणून चार दिवस झाले होते त्याला!”

शेवटी तह झाला. जनावरांचे डॉक्टर आत्ता मुकादमाचं वजन करतील आणि महिनाभरानं पुन्हा. वजन घटलं तर मुकादम प्राणीघरात, नाही तर घरात. धाकटीनं आईकडे पाहिलं.

“मला विचारू नका,” आई म्हणाली. “ते जनावर त्यांचं होतं. मी त्याच्या भानगडीत कधी पडले नाही, आता पडायची नाही.”

दुसऱ्या दिवशी धाकटी रोपवाटिकेत गेली.

“तण आहे का?”

“तण मारायचं औषध आहे,” दुकानदार म्हणाला.

“मारायचं नाही, वाढवायचंय. कुठलंही चालेल. रुंद पानांचं असेल तर बरं.”

दुकानदारानं हातातली कुंडी खाली ठेवली आणि मऊ आवाजात विचारलं, “ताई, बरोबर घरचं कोणी आलंय का?”

मग तिनं गल्ली धरली. पहिलं दार शिवणकाम करणाऱ्या काकूंचं.

“काकू, तुमच्या दारातलं तण मी काढून नेऊ?”

“आमच्या दारात तण माजलंय असं म्हणायचंय तुला?” काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या, तरी शब्द स्पष्ट आले.

“नाही, नाही. असेल थोडंसं तर... मी फुकट काढते.”

‘फुकट’ म्हटल्यावर काकूंनी टाचण्या बाहेर काढल्या आणि तिच्याकडे नीट पाहिलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की, बापाच्या दुःखानं पोरगी खुळावली आहे आणि दारोदार जाऊन गवत उपटायला मागते आहे. गल्ली मनानं चांगली होती. तिला वाकायला लागू नये म्हणून जो तो खुरपं घेऊन स्वतःच बाहेर पडला. शनिवारी सकाळी धाकटी टोपली घेऊन निघाली तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं पातं शिल्लक नव्हतं. दारादारांत लोक कंबर धरून उभे होते आणि तिच्याकडे मायेनं बघत होते.

“बघ, सगळं काढून टाकलं हो,” काकू म्हणाल्या. “आता शांत झोप.”

हिरवळ उरली ती फक्त शेजारच्या लॉनवाल्या साहेबांकडे. हे निवृत्त इंजिनिअर. त्यांचं लॉन म्हणजे गालिचा, आणि त्यात चुकून उगवलेलं तण म्हणजे त्यांचा व्यक्तिगत अपमान. तिथं विचारण्यात अर्थच नव्हता.

धाकटीनं गाजराची फुलं कापून पाहिली. काकडीच्या चकत्या गोल मांडून पाहिल्या. पुस्तकात लिहिलं होतं म्हणून स्वतः त्याच्यासमोर बसून कोबीचं पान चावून दाखवलं. मुकादम बघत राहिला. रोज ती भरलेलं ताट तसंच रिकामं करायची.

महिना भरला. डॉक्टरांनी मुकादमाला काट्यावर ठेवलं, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

“नव्वद ग्रॅम.”

“घटलं?” तिनं डोळे मिटून विचारलं.

“वाढलं. कवच टणक आहे, डोळे स्वच्छ आहेत. देता काय त्याला?”

“असंच... थोडं थोडं,” धाकटी म्हणाली.

“असंच म्हणजे काय? मला लिहून आणून द्या, मगच तुमच्या भावाला कळवतो. आणि एक सांगून ठेवतो. तोंडात गवताचे तंतू दिसताहेत. कुणी औषध फवारलेलं गवत असेल, तर आज वजन वाढेल आणि दोन महिन्यांनी कासव जाईल.”

धाकटी घरी आली ती पांढरीफटक पडून. अंगणात गवत नाही, गल्लीत नाही, मग हा खातो कुठं? दुसऱ्या दिवशी तिनं काम बाजूला ठेवलं आणि दुपारभर स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून राहिली.

बरोबर दोन वाजता आई अंगणात आली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, सराईत हातानं मुकादमाला उचलून भाजीच्या पिशवीत घातलं आणि मागच्या फाटकातून नाहीशी झाली.

धाकटी धावली. साहेब वेताच्या खुर्चीत, तोंडावर पेपर घेऊन घोरत होते. लॉनच्या कडेला मुकादम जेवत होता आणि आई बुटक्या भिंतीवर बसून राखण करत होती.

“आई!”

“हळू. साहेबांची झोप सावध आहे.”

“हे कधीपासून चाललंय?”

“तू गाजराची फुलं कापायला लागलीस तेव्हापासून. बघवेना मला.”

“मग मला सांगायचं नाही?”

“एवढी पुस्तकं आणलीस. म्हटलं, हिरमोड कशाला करा.”

“आई, साहेब यावर औषध मारतात का?”

“मला काय ठाऊक?”

“विचारायला पाहिजे.”

“विचारलंस तर सगळं उघडं पडेल. उद्यापासून फाटकाला कुलूप.”

“आणि नाही विचारलं तर मुकादम जाईल.”

तेवढ्यात घोरणं थांबलं. आईनं चपळाईनं पिशवी उपडी करून मुकादमावर टाकली.

“वहिनी?” साहेबांनी पेपर काढला. “काय विशेष?”

“काही नाही. म्हटलं, जरा लॉन बघावं.”

साहेबांना दुसरं काय हवं! ते ताडकन उठले. धाकटीनं मनाचा हिय्या केला. “काका, यावर औषध फवारता?”

“औषधाचं सोड, आधी ही कड बघ! मशीननं असं कापून दाखवावं कुणी. आमच्या माळ्याच्या हाताला महिनाभरात काय कला आलीय! परवा खूश होऊन मी त्याला माझं घड्याळ दिलं.”

“तो काय म्हणाला?”

“म्हणाला, हाताला सवय आहे, साहेब. विनम्र माणूस.” साहेब थांबले. “वहिनी, तुमची पिशवी निघाली.”

पिशवी खरंच निघाली होती. तिला कसलीही घाई नव्हती.

“वारा आहे,” आई म्हणाली.

“वारा अजिबात नाहीये.”

“मग उतार असेल.”

“ती चढावर चाललीय, वहिनी.”

तिघंही बघत राहिले. पिशवीनं दोन हात अंतर कापायला एवढा वेळ घेतला की मध्येच आईनं साहेबांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि साहेबांनीही सवयीनं उत्तर दिलं. मग पिशवी थांबली. आतून कुरूकुरू आवाज येऊ लागला. साहेबांनी दोन बोटांनी ती उचलली. तोंडात पातं धरून मुकादमानं त्यांच्याकडे पाहिलं आणि चावणं चालू ठेवलं.

“म्हणजे कड...” साहेब म्हणाले.

“हो,” आई म्हणाली.

“म्हणजे घड्याळ...”

आईनं त्यांच्या बोटांतली पिशवी घेऊन तिची घडी घातली.

“काका, रागवा हवं तर,” धाकटी मध्येच म्हणाली, “पण आधी औषधाचं सांगा. ते पोटात गेलं तर हा जगायचा नाही.”

साहेबांनी गल्लीकडे पाहिलं, मग मान खाली घातली. “थेंबसुद्धा नाही. मला त्या वासानं शिंका येतात. परदेशी फवारा म्हणून सगळ्यांना सांगतो, पण पहाटे गुडघ्यांवर बसून एकेक तण हातानं उपटतो. बाहेर बोलू नका.”

धाकटीनं मुकादमाला उचलून छातीशी धरलं. त्यानं घेतलेला घास सोडला नाही.

“त्याला खाली ठेव,” साहेब म्हणाले. “आणि उद्या डावीकडून सोडा. तिकडे फार वाढलंय.”

डॉक्टरांना द्यायची खाण्याची यादी एका ओळीची झाली. डॉक्टरांनी ती वाचून दादाला फोन केला. दादानं धाकटीला केला. “म्हणजे जमलं तुला?”

“जमलं,” धाकटी म्हणाली. पलीकडे आई खाली मान घालून शेंगा सोलत होती. चार दाणे टरफलांत गेले.

डॉक्टरांनी फक्त एक अट घातली होती. नुसतं गवत पुरायचं नाही, रुंद पानांचं तणही हवं, नाही तर थंडीत अंगात ताकद राहायची नाही. हे साहेबांना सांगायला धाकटी तीनदा फाटकापर्यंत जाऊन परत आली. चौथ्यांदा सांगितलं. साहेबांनी आपल्या लॉनवरून एक नजर फिरवली. मग आत जाऊन त्यांनी कुदळ आणली आणि उन्हाच्या पट्ट्यातला कोपरा स्वतः खणून काढला.

तेव्हापासून रोज सकाळी साहेब झारी घेऊन त्या कोपऱ्यावर वाकलेले दिसतात. शेणखत घालून झालं, सावलीला जाळी लावून झाली. भिंतीवरून ते धाकटीला हाक मारून विचारतात, “तुझ्या पुस्तकांत काही दिलंय का गं?” पुस्तकांत तण घालवायचे सतरा उपाय आहेत, आणायचा एकही नाही. शेजारी मुकादम मान लांब करून उभा असतो. बावीस दिवस झाले. साहेबांना जन्मात पहिल्यांदा तण हवं आहे, आणि ते काही केल्या उगवत नाही.