दुलईबाबत रिग्रेट

बायकोची माफी लेखी मागायची असं शब्दकोशांनी ठरवलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

‘शब्दकोश’ हे त्यांचं ऑफिसातलं नाव. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात लोकांच्या तक्रारींना इंग्रजीत उत्तरं लिहिण्याचं काम ते सव्वीस वर्षं करत होते. सारख्याच दिसणाऱ्या दोन इंग्रजी शब्दांत नेमका फरक काय, हे विचारायला वरच्या मजल्यावरून माणसं खाली यायची. पाणी ‘लेट’ येतं, पण ऑफिसकडून फक्त ‘डिले’ होतो. नळाला पाणी नाही हा लोकांचा ‘प्रॉब्लेम’, तोच उत्तराच्या पत्रात आला की ‘इनकन्व्हीनियन्स’ होतो. (त्याने पाणी येत नाही, पण पत्र भारदस्त होतं.)

त्यांचा सगळ्यात आवडता धडा मात्र वेगळा होता.

“हे बघा,” ते नव्या माणसाला समोर बसवून सांगायचे, “सॉरी म्हणायचं धक्का लागल्यावर. रिग्रेट म्हणजे झालं ते वाईट झालं, पण केलं कुणी ते आम्हाला ठाऊक नाही. आणि अपॉलॉजी म्हणजे आम्हीच केलं. पहिलं रस्त्यात वापरा, दुसरं पत्रात. तिसऱ्याची या ऑफिसात कधी गरज पडलेली नाही.”

आणि पडू नये म्हणून त्यांनी भिंतीवर एक कागदही लावून ठेवला होता: मसुद्यात अपॉलॉजी दिसल्यास तिचे रिग्रेट करावे.

आता दुलईकडे येऊ. बायकोने चार महिने खपून, रंगीत कापडाचे तुकडे जोडून, बहिणीच्या नव्या घरासाठी एक दुलई शिवली होती. रविवारी ती आतून म्हणाली, “अहो, जिन्याखालची जुनी दुलई तेवढी वॉचमनला देऊन टाका.” शब्दकोश तेव्हा पेपर वाचत होते. जिन्याखाली वाकायचं म्हणजे कंबर दुखते, आणि कपाटावर हाताशीच एक दुलई दिसत होती. त्यांनी ती दिली. वॉचमनही मोठ्या मनाचा माणूस. त्याने ती आपल्या तांबड्या कुत्र्याला दिली.

सोमवारी सकाळी बायको दूध आणायला खाली गेली, ती कुत्र्याखाली आपली नवी दुलई पाहून रिकाम्या हाताने वर आली.

“फक्त ‘चुकलो’ म्हणा,” ती म्हणाली. “मला बाकी काही नको.”

“झालं ते वाईटच झालं,” शब्दकोश म्हणाले.

“कुणी केलं?”

“आता... दोन दुलया घरात असल्या की असं होऊ शकतं.”

सव्वीस वर्षांची सवय, ती एका सकाळीत कशी सुटणार? बायकोने पुढे एक अक्षर काढलं नाही. तिने सुटकेस खाली काढली, शनिवारचं बहिणीकडे जायचं तिकीट आणलं आणि ते आरशाला लावून ठेवलं. परतीचं तिकीट नव्हतं. रोज दाढी करताना शब्दकोशांना ते दिसायचं.

वाईट त्यांना मनापासून वाटत होतं. पण तोंड उघडलं की ऑफिसच बोलायचं. म्हणून बुधवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कागद पुढे ओढला. (मराठीत माफी मागायला समोर बसावं लागतं. इंग्रजीत नुसती सही केली तरी भागतं.) सवयीने वर घरचा पत्ता घातला, विषयात ‘दुलई’ लिहिलं, आणि बराच वेळ पेन चावून आयुष्यात पहिल्यांदा ‘आय अपॉलॉजाईज’ लिहिलं. दुलई सध्या कुत्र्याकडे आहे, हेही प्रामाणिकपणे कळवलं. तेवढ्यात वरून बोलावणं आलं, आणि घाईत कागद मसुद्यांच्या ट्रेत पडला. परत येऊन बघतात तर टेबलावरचा ट्रे रिकामा. शिपाई रोजच्याप्रमाणे सगळे मसुदे सहीसाठी वरच्या मजल्यावर साहेब मॅडमकडे घेऊन गेला होता. कागद खणात गेला असेल असं समजून शब्दकोश संध्याकाळपर्यंत खण उपसत बसले.

मॅडम नव्या होत्या आणि शब्दकोशांना गुरू मानत. गुरूचा मसुदा त्या वाचत नसत, फक्त भिंतीवरच्या कागदाशी ताडून बघत; बाकीचं टायपिस्ट ऑफिसच्या साच्यात बसवायचा.

गुरुवारी शब्दकोश घरी आले तेव्हा बायको दारातच उभी होती. हातात ऑफिसच्या शिक्क्याचं पाकीट, आतलं पत्र लेटरहेडवर टाईप केलेलं, जावक क्रमांकासकट. आपल्या दुलईबाबत झालेल्या इनकन्व्हीनियन्सचं ऑफिसला रिग्रेट आहे. सदर दुलई सध्या योग्य वापरात आहे. तक्रार निकाली काढण्यात येत आहे. खाली मॅडमची सही.

“तुमच्या मॅडमना वाईट वाटतंय,” बायको चार दिवसांत पहिल्यांदा बोलली. “त्यांनी बिचाऱ्यांनी माझी दुलई पाहिलीसुद्धा नाही.”

“मी अपॉलॉजी लिहिली होती गं. वर खोडली.”

“कुणाच्या हुकमाने?”

शब्दकोशांच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचा कागद आला. खालची सही त्यांचीच होती.

“माझ्याच,” ते म्हणाले. मग तिथेच, पायातले बूटही न काढता म्हणाले, “चुकलो मी. न बघता दिली. तू शिवत होतीस तेव्हा दुसरं टोक मीच धरून बसायचो, आणि तरी मला ती ओळखता आली नाही. याचं मला फार वाईट वाटतं.”

बायकोने आरशावरचं तिकीट काढून पर्समध्ये ठेवलं.

“सुटकेस वर ठेवा,” ती म्हणाली. “ठेवताना कपाटावर काय आहे ते या वेळी बघा.”

शब्दकोशांना त्या रात्री गाढ झोप लागली. प्रकरण मिटलं असं त्यांना वाटलं. (तक्रार विभागातल्या माणसाला असं वाटायला नको होतं.)

शनिवारी मॅडमनी त्यांना बोलावलं. समोर आवक टपालातलं पत्र होतं: आपले रिग्रेट मिळाले. तक्रार निकाली निघालेली नाही. संबंधित इसमास चार मीटर कापड घेऊन आज सहा वाजता घरी पाठवावे.

मॅडमनी या वेळी पत्ता वाचला.

“हा पत्ता ओळखीचा वाटतो.”

“माझाच आहे,” शब्दकोश म्हणाले.

मॅडमनी लाल पेन उचललं आणि समासात लिहिलं: आजच कार्यवाही व्हावी. “आणि शब्दकोश,” त्या म्हणाल्या, “डिले नको. लेटही नको.”

सहाला पाच मिनिटं असताना ते कापड घेऊन घरी हजर झाले. बायकोने हातात सुई दिली, चष्मा दिला आणि स्वतः दुसरं टोक धरून बसली. पहिल्याच टाक्याला सुई अंगठ्यात घुसली आणि शब्दकोशांच्या तोंडून आपोआप “सॉरी” निघालं.

“सुईला रिग्रेट चालेल,” बायको म्हणाली. “टाका उसवा, वाकडा आलाय.”