तीन दिवसांची चिलापी

संस्कृतीला शिळी मासळी हवी होती. माळेगावची ही मुलगी बारामतीच्या कॉलेजात पीएच.डी. करत होती आणि मासळीचा ताजेपणा ओळखणारा सेन्सर बनवत होती. बोटाएवढ्या पट्टीवर सोन्याचे नॅनोकण, त्यांवर एन्झाइमचा थर. मासळीच्या अर्काचा थेंब टाकला की पट्टीतून वीज वाहायची; मासळी जितकी शिळी तितका आकडा मोठा. ताज्या चिलापी माशाला तीन आला होता. शिळीला चाळीसच्या पुढे जायला हवा होता, आणि ते शुक्रवारी समितीपुढे दाखवायचं होतं.

लॅबमध्ये मासळी नासवायला मार्गदर्शक विजयसिंह सरांची बंदी होती आणि घरी तर सगळेच माळकरी. तिला स्वतःलाही सगळ्या मासळीचा वास सारखाच यायचा. म्हणून सोमवारी ती इंदापूरच्या बाजारात साखरबाईंच्या मासळीच्या पाटीसमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मावशी, तीन दिवसांची शिळी चिलापी मिळंल का?"

साखरबाईंनी तिचे काळे डाग पडलेले कपडे पाहिले, चपलेला लावलेली पिन पाहिली. मग दोन मासे पिशवीत घातले. "घे. तीन दिसांचीच हाय."

लॅबमध्ये आकडा आला तीन. एन्झाइम मेलं असेल म्हणून तिनं नवं मागवलं. पुन्हा तीन. सोन्याचा थर नव्यानं चढवला, वीस पट्ट्या वाया घालवल्या, बुधवारी परत शिळी मासळी आणली. या वेळी साखरबाईंनी वर कोथिंबिरीची जुडीही दिली. आकडा अडीच. विजयसिंह सर रागावले नाहीत, फक्त म्हणाले की शिळं-ताजं ज्याला कळत नाही त्याला सेन्सर कसं म्हणायचं. ते जास्त लागलं.

गुरुवारी सकाळी ती बाजारात आली तेव्हा डोळे सुजले होते. साखरबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं.

"रडू नगं. शिळं खाऊन आजारी पडशील म्हनून दोन्ही येळंला ताजीच दिली तुला. आजबी घिऊन जा."

संस्कृतीनं डोळे पुसले. मग हसत सुटली, आणि हसता हसता तिनं सगळं सांगितलं: मासळी खायला नव्हे, तपासायला हवी होती आणि पट्टी पहिल्यापासून खरंच बोलत होती.

"म्हंजी तुला नासकीच पायजे व्हय?"

"व्हय मावशी. आज तरी द्या."

"माझ्याकडं कुठली? उरली तर आमी सांजच्याला रांधतो." साखरबाई जरा घुटमळल्या, मग समोरच्या कोपऱ्यात बर्फाच्या पेटीमागं बसलेल्या मासळीवाल्याकडं त्यांनी हनुवटी केली. "तितं जा. आन् हे बघ, शिळी मागू नगंस. ताजी दे म्हन."