दोन चोचींचा पोपट

आमच्या शेजारच्या राऊतकाकांकडे गॅसच्या सिलिंडरला परकर आहे. नाडीसकट. त्यावर मोर आहेत आणि समोरच्या मोराचं तोंड दाराकडेच हवं. नवा सिलिंडर आला की काका जुन्याचा परकर सोडतात, झटकतात, नव्याला नेसवतात आणि मोर दाराकडे वळवतात. तोवर सिलिंडरवाला रिकामा सिलिंडर घेऊन ताटकळत उभा. आताशा तोच सांगतो, "काका, मोर थोडा लेफ्ट."

फ्रिजवर कोयऱ्या, मिक्सरवर ठिपके, टीव्हीला झालर. नवखा माणूस बसायला जागा शोधत राहतो, कारण खुर्ची कुठली आणि स्टूल कुठलं तेच समजत नाही. आणि पडद्याला बोट लावायचं नाही! माझ्या हाताला एकदा भजीचं तेल होतं, तर या गृहस्थांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं.

काका मूळचे माकुणसारचे. बोईसरच्या एमआयडीसीत एका कापडगिरणीत तीस वर्षं चेकिंगच्या टेबलावर होते. समोरून कापड सरकायचं आणि काका डाग, तुटका धागा, सरकलेला रंग हेरायचे. सापडलं की म्हणायचे, "फॉल्ट हाय!" आता रिटायर झाले, पण सवय जाते थोडीच? शर्टाची रेघ खिशावर जुळली नाही, फॉल्ट हाय. माझ्या पोळीची कड जाड राहिली, फॉल्ट हाय. गिरणीतले बाकीचे लोक असलं बाद कापड स्वस्तात घरी न्यायचे. काका नाही. "फॉल्टचा एक वार आमच्या घरात येनार नाय," म्हणायचे आणि चांगला माल पूर्ण किमतीने घ्यायचे.

माझ्या मुलाच्या लग्नात मांडववाल्याने एक कनात उलटी बांधली होती. तिच्यावरचे हत्ती पाय वर करून. पंगत बसली, भात वाढला, आणि काका पानावरून उठले. "आधी हत्ती सरळ करा." शिडी येईपर्यंत वरण थंडगार झालं. त्या दिवशी मनातल्या मनात मी काकांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं हो. पण एकुलत्या एका लेकीच्या, निशाच्या बाबतीत हसू येत नव्हतं. तिच्यासाठी आलेल्या प्रत्येक स्थळात काकांना खोट दिसली. एकाला तर शर्टाच्या चौकटी बटणपट्टीवर जुळल्या नाहीत म्हणून नकार! शेवटी पोरीने स्वतःच लग्न केलं. मुलगा उत्तर प्रदेशातला, मनोज, कापडछपाईच्या मशीनवर काम करणारा. काका म्हणाले, "फॉल्ट हाय," आणि दार लावून घेतलं. निशा राहते पालघरला, इथून दोन स्टेशनांवर. पण तीन वर्षं तिने माहेरचा उंबरा पाहिला नव्हता. काकी माझ्या स्वयंपाकघरात येऊन तिला फोन करायच्या.

या खेपेला काकी आल्या त्या डोळे पुसतच. निशाला सातवा लागला होता.

"पयलं बाळंतपन म्हायेरी होतं, मंदाताई. सासू तिकडं गावाला, पोरीला कोन बघनार? पन यांना सांगनार कोन?"

सांगणार कोण म्हणजे? मला देवाने जीभ कशाला दिली आहे? तडक गेले. काका मिक्सरच्या कव्हराला इस्त्री करत होते.

"काका, निशाला सातवा लागलाय. बाळंतपणाला ती इथं येणार की नाही, तेवढं सांगा. आणि फॉल्ट हा शब्द काढलात, तर उद्यापासून या घराला माझ्याकडून विरजणसुद्धा मिळणार नाही!"

काकांची इस्त्री ठिपक्यांवर टेकली ती टेकलीच. करपल्याचा वास आला तेव्हा कुठे त्यांनी ती उचलली. कापड जळलं होतं, पण त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही.

"कधी येनार?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून शिलाई मशीन सुरू झालं. आतली खोली बंद, काकींनाही मज्जाव. आता हा माणूस बाळंतिणीलाही झालर लावतो की काय, याची मला धास्ती.

रविवारी दोघं आली. मनोज पिशव्या घेऊन दाराबाहेरच थांबला. अंगात चौकटीचा शर्ट आणि खिसा चांगला बोटभर तिरका! काकांची नजर खाली खाली येत खिशावर थांबली. काकींनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

काकांनी नजर उचलली. "या," ते म्हणाले. "उन्हातनं आलात. आत या."

काकींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. काकांनी खोलीचं दार उघडलं. खिडकीला पडदे, पलंगावर चादर, आढ्याला बाळाची झोळी, सगळं एकाच कापडाचं. हिरवे पोपट. छापताना लाल रंग सरकलेला, त्यामुळे प्रत्येक पोपटाला दोन चोची.

निशा मटकन पलंगावर बसली. "बाबा, हे तेच?"

तेच होतं. ती पाच वर्षांची असताना काकांनी ह्या कापडाचा तुकडा घरी दाखवायला आणला होता. तिला त्याचाच फ्रॉक हवा होता. "माझी पोर फॉल्टचं घालनार नाय," काका म्हणाले होते, आणि पोर दोन दिवस नीट जेवली नव्हती.

"मग आख्खा तागाच घेतला होता," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "पन शिवायला हात धजला नाय. ट्रंकेत ठेवला." काकींनाही हे आजच कळत होतं.

इकडे मनोज पडद्याजवळ गेला. छपाईवाला तो, त्याची नजर कशी चुकेल? "बाबूजी," तो घाबरत म्हणाला, "इसमें तो रंग सरक गया है. फॉल्ट है."

काकींचा हात पुन्हा माझ्या बांगडीवर.

"हाय," काका म्हणाले. "म्हायती हाय. असू दे." मग लेकीकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "चालेल ना गं?"

निशाने डोळे पुसले ते थेट पडद्याला. मी काकांकडे बघितलं. त्यांनी पडद्याचं दुसरं टोक उचललं आणि आपलेही पुसले.